मशीनला न कळलेली शिट्टी

मुलीनं बनवलेली संगणकप्रणाली बाबांसारखेच बॉयलरचे बिघाड ओळखायला लागली, की जेवताना येणारे कारखान्याचे फोन थांबणार होते. आईचा नफा एवढाच. म्हणून 'असं झालं, तर हे करा' असा एकेक नियम आईनंच बाबांकडून वदवून घेतला.

फोन थांबले. निवृत्त बाबा मात्र घास हातात धरून फोनकडेच बघत बसायचे.

आईनं मुलीला गाठलं. "तुझ्या मशीनला एखादा नियम विसरायला लाव."

"आई, कारखाना बंद पडेल!"

"बॉयलरमधून ती बारीक शिट्टी येते ना, तेवढीच गं. तिनं काही बिघडत नाही, असं तुझे बाबाच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. "शिट्टी? मशीनला नाही कळली? आलोच!" बाबा ताटावरून उठलेसुद्धा.

आईनं दोघांचीही ताटं झाकली. सगळा नफा बुडाला, आणि उपाशी आई गालातल्या गालात हसली.