नाक गेलेला माणूस

"कबूल कर आणि मोकळी हो," कोतवाल म्हणाले. "थोरलीला तूच मारलंस."

"मारलं असतं तर इथं हात बांधून घ्यायला थांबले असते का? केव्हाच पसार झाले असते," धाकटी म्हणाली.

"फाशी समोर दिसतेय तरी तोंड बंद नाही," कारकून पुटपुटला. "जित्याची खोड!"

कोतवालांचं म्हणणं सरळ होतं, आणि तेच वाईट होतं. दोघी बहिणी अत्तरं करायच्या. थोरलीनं वर्षानुवर्षं खपून एक नवं अत्तर काढलं होतं. भल्याभल्यांनी त्याची कृती मागितली, तिनं कुणाला दाद दिली नाही. चोराला आयतं सापडायला नको म्हणून ती कुपीवर नावही घालायची नाही. फडताळात सगळ्या कुप्या सारख्या. थोरलीचा गळा आवळणाऱ्यानं एकेक बूच काढून पाहिलं होतं आणि नेमकी तीच कुपी नेली होती. असं काम तयार नाकाशिवाय होत नाही. आणि तसं नाक गावात आता एकट्या धाकटीचं उरलं होतं.

पूर्वी आणखी एक होतं, उस्तादांचं. दोघींना धंदा त्यांनीच शिकवला. पण तापात आपलं नाक गेलं, गुलाब आणि गटार आपल्याला आता सारखंच, असं ते हिवाळ्यापासून गावभर सांगत होते. लोक हळहळले. धाकटीही हळहळली, आजारपणात त्यांना जेवण पोचवत राहिली. कोठडीत बसल्यावर तिनं साधा हिशेब केला. आपण मारलं नाही. मग उरलं कोण? तिला त्या पोचवलेल्या घासाघासाची चीड आली.

"उस्तादांना बोलवा," ती म्हणाली. "आमच्या फडताळातल्या कुप्या आणा आणि त्यांना हुंगायला द्या."

कोतवाल हसले. "खुळी आहेस का? वास आला तरी माणूस नाहीच म्हणेल."

"म्हणू देत की. फासावर मी जाणार आहे, तुमचं काय जातंय?"

कुप्या येईपर्यंत ती भिंतीला टेकून बसली. तिला थोरली आठवत होती. उस्तादांच्या कारखान्यात सगळ्यात जास्त टपल्या तिनंच खाल्ल्या. एक वास घेतला की दुसऱ्याआधी नाक धुऊन घ्यायचं, हा तिथला पहिला धडा. पाण्यानं नव्हे. कोपर वाकवून आपल्याच बाहीत एक श्वास घ्यायचा. आपल्या अंगाचा वास आपल्याला जाणवत नाही, त्यात आधीचा वास विरून जातो. थोरली घाईघाईत विसरायची आणि डोक्यात टपली बसायची. "तुम्ही नाही का कधी विसरत?" तिनं एकदा रडकुंडीला येऊन विचारलं होतं. "झोपेतसुद्धा नाही," उस्ताद म्हणाले होते.

उस्ताद आले. त्यांनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरी, तुझ्या समाधानासाठी हेही करतो." त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. तिला शिसारी आली, पण तिनं डोकं हलवलं नाही.

"जरा भरभर द्या," ती कारकुनाला म्हणाली.

कारकून बूच काढून कुप्या देत गेला. उस्ताद हुंगत आणि मान हलवत. "नाही. हीही नाही. काही नाही रे बाबा." कोतवाल त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसले होते. शिपाईही वाकून वाकून चेहराच पाहत होते. मध्येच कारकुनानं आपलं डोकं चालवलं आणि गटाराचं पाणी भरलेली कुपी पुढे केली. शिपायांनी नाकं दाबली, कोतवालांनी तोंडाला रुमाल लावला. उस्तादांची पापणीही हलली नाही. माणूस पक्का होता, हे मानलंच पाहिजे.

"आता तरी पटलं?" रुमालाआडून कोतवाल म्हणाले.

"पटलं. पण अजून थोड्या राहिल्यात. त्याही होऊन जाऊ देत."

उस्तादांनी केवड्याची कुपी हुंगली आणि परत दिली. "काहीच येत नाही." कारकून पुढच्या कुपीचं बूच काढू लागला, तशी धाकटी बांधल्या हातांनिशी ताडकन उठली.

"कोतवालसाहेब, तोंडाकडे काय बघताय? हाताकडे बघा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. उस्तादांचा उजवा हात कोपरात वाकलेला होता. बाही नाकाला लागलेली होती, आणि छाती श्वासानं भरून आली होती.

"काहीच येत नाही," धाकटी म्हणाली, "तर मग धुताय काय, उस्ताद?"