दत्तक नळ

संध्याकाळी चर्चमधून मिस्सा आटोपून घरी आल्याआल्या वॉल्टरने बूटसुद्धा न काढता फोन उघडला. मिनेसोटात रात्रभर बर्फ पडला होता.

"मार्गारेट, फूटभर झालाय. बर्फ काढायच्या गाड्या मेन स्ट्रीटवर फिरल्या, पण आपल्या रस्त्यावर अजून कोणी आलेलं नाही."

"आपल्या रस्त्यावर लुलू सुपरमार्केटचा टेम्पो उभा आहे," स्वयंपाकघरातून मार्गारेट म्हणाली आणि बांगडे उलटायला लागली.

ते दोघं राहायचे दुबईत, अल मनखूलला. पण वॉल्टरचा रस्ता होता लिंडेन फॉल्स नावाच्या गावात, आणि ते गाव त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी, जॅकलीन, तिथे नर्स होती. व्हिसाचं काही जमेना, तेव्हा वॉल्टर गावाच्या फेसबुक ग्रुपात शिरला. तिथे कुणाचं कुत्रं हरवायचं, पुलाचं काम रखडायचं, शाळेचा कर वाढवावा की नाही यावर गावकरी हमरीतुमरीवर यायचे. देरा भागातल्या ऑफिसात डबा खाताखाता वॉल्टर ती भांडणं चवीने वाचायचा. स्वतःच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं नाव त्याला धड ठाऊक नव्हतं. मुलीची आठवण यायची आणि ती कुठे ठेवावी हे कळायचं नाही, म्हणून तो ती त्या गावात ठेवायचा.

त्यातच त्याला नळाचा शोध लागला. आगीच्या बंबाचे रस्त्याकडेचे लाल नळ बर्फात गाडले जातात आणि ऐनवेळी सापडत नाहीत. म्हणून तिथली नगरपालिका ते लोकांना दत्तक देते. बर्फ पडला की ज्याने त्याने आपला नळ फावड्याने मोकळा करायचा. जॅकलीनच्या दारासमोरचा नळ वॉल्टरने तिच्या नावावर दत्तक घेऊन टाकला. उंटावरून शेळ्या हाकायची याहून चांगली सोय कुणाला मिळाली नसेल.

त्याने फोन लावला.

"जॅकी, नळ काढलास?"

"डन, डॅडी. सकाळीच काढला."

"गुड. आणि ऐक, पुलाचं काम परत पुढे ढकललंय. कॉन्ट्रॅक्टर पळाला."

"ओके, डॅडी. जरा बिझी आहे, नंतर बोलते."

वॉल्टरला बरं वाटलं. त्याने ग्रुपावर लिहिलं की आमच्या दारासमोरचा नळ साफ आहे, बाकीच्यांनीही मनावर घ्यावं. मग तो बूट काढायला वाकला.

सरळ होईपर्यंत उत्तर आलं होतं. समोरच्या घरातल्या एका म्हातारीने फोटो टाकला होता. फोटोत बर्फाचा एक ढीग होता आणि नळ कुठेच दिसत नव्हता. खाली तिने लिहिलं होतं, ती नर्स मुलगी ऑक्टोबरातच घर सोडून गेली, घर तेव्हापासून रिकामं आहे. नळ मी नातवाकडून मोकळा करून घेईन. पण तुम्ही कुठल्या घरात राहता?

वॉल्टर फोन घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेला आणि मार्गारेटसमोर धरला. तिने फोटो पाहिला आणि गॅस बंद केला.

"टेक्ससला गेलीय," ती म्हणाली. "नवीन जॉब आहे. बरी आहे आता, काळजी करू नका."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"कसं सांगणार होती ती?" मार्गारेट कधी आवाज चढवत नसे, आत्ताही तिने चढवला नाही. "त्या गावात तिला एक दिवस करमलं नाही, वॉल्टर. नाइट ड्युटी, थंडी, बोलायला माणूस नाही. फोनवर रडायची माझ्याकडे. तुमचा फोन गेला की तुम्ही तिला पुलाचं सांगायचात. तुम्ही त्या गावावर इतके खूश, खरं सांगणं तिच्या जिवावर आलं."

तिथला कॉन्ट्रॅक्टर पळाला हे वॉल्टरला कळलं होतं, आणि पोरगी गेली हे कळलं नव्हतं. याची लाज वाटली, पण लाजेपेक्षा वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या फोनांत ती त्याच्या किती जवळ होती, आणि तो तिला न विचारता पुलाबद्दलच भरपूर बोलत बसला होता.

म्हातारीला त्याने उत्तर दिलं नाही. त्याने परत जॅकलीनला फोन लावला.

"डॅडी, क्लियर केला म्हटलं ना मी."

"मम्मीने सांगितलं मला."

जॅकलीनचा आवाज बारीक झाला.

"रागावलास?"

"नाही."

"सॉरी, डॅडी. आय वॉज गोइंग टू टेल यू. ट्रूली." तिने श्वास घेतला आणि मग, बापाला काहीतरी द्यायलाच हवं अशा घाईने, म्हणाली, "इथे पण छोटंसंच टाउन आहे. त्यांचा पण ग्रुप असेल. नाव सांगू?"

वॉल्टरचा हात सवयीने टेबलावरच्या पेनाकडे गेला. मार्गारेट दारात उभी राहून बघत होती.

"नाव राहू दे," वॉल्टर म्हणाला. "तू रडत होतीस ते सांग."