मातीनं घेतलं नाही

रस्ता रुंद होणार, म्हणून नवऱ्याची समाधी हलवायला शिवलीला दीर बसवंतबरोबर शेतात आली होती. हाडं बांधायला तिनं कोरं पांढरं कापड आणलं होतं. सहा वर्षांनी दुसरं काय उरणार?

बसवंतनं समाधीवरची फरशी उचलली आणि तो मागं सरकला. तिचा नवरा मडिवाळप्पा लिंगायत रीतीनं पुरला तसाच मांडी घालून बसला होता. गळ्यातला झेंडूचा हारही पिवळाधमक होता.

"भाऊजी, मातीनं यांना घेतलंच नाही हो!"

"ते औषध, वहिनी."

कांदा सडू नये म्हणून सात वर्षांपूर्वी सगळ्या तालुक्यानं ते शेतात फवारलं होतं. कांदा टिकला; पण जमिनीतले कुजवणारे जीव मेले. तेव्हापासून पालापाचोळा बांधावर कमरेएवढा साचला होता, शेणाचं खत होईना, आणि पीक दरसाल खुजं होत चाललं होतं.

"दुसरीकडं चांगली माती बघू या," शिवलीला म्हणाली.

"कुठं? वाऱ्यानं सगळीकडं नेलंय ते."

शिवलीलानं पदरानं नवऱ्याच्या गालावरची धूळ पुसली. तो तिच्याहून तरुण दिसत होता. रस्त्यापलीकडं नवा खड्डा खणून दोघांनी त्याला पुन्हा बसवलं. फरशी ठेवताना तिला कळून चुकलं, की एक दिवस आपल्यालाही असंच बसवतील, आणि आपणही अशाच बसून राहू.