दंडावरचे डाग

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. प्रयाग बाळंतपणासाठी माहेरी रिठदला आली, तेव्हा तिच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग होते.

"जावयानं मारलं काय?" थोरल्या भावानं, शालिग्रामनं विचारलं. प्रयाग खाली मान घालून बसली.

"दोन जिवांच्या बाईवर हात टाकते म्हंजे काय?" शालिग्राम काठी घेऊन तिच्या सासरी, किन्हीराजाला गेला आणि जावयाला भर पारावर झोडपून आला. मी हात लावला नाही, असं जावई शपथेवर सांगत होता. कोणी ऐकलं नाही.

मग प्रयागच्या तोंडावर सूज चढली, म्हणून तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "हे माराचे डाग नाहीत. गरोदरपणात हिचं ब्लडप्रेशर फार वाढलंय, रक्तातल्या प्लेटलेट्स कमी झाल्यात. नुसतं धरलं तरी अंग निळं पडतं. वेळेवर आणलंत."

शालिग्रामचा चेहरा उतरला. "मंग तू तवा बोलली काहून नाई? बिनकसूर मार खाल्ला ना त्यानं."



"मांगच्या साली त्यानं खरंच मारलं होतं, दादा. तवा सांगतलं होतं तुले, तं तूच मले वापस सासरच्या एस्टीत बसवून देलं."