तीस मोजेपर्यंत

जावयाने चादरीत गुंडाळलेली रायफल कामाच्या टेबलावर ठेवली, तीही नळी सासऱ्याच्या पोटाकडे करून. म्हाताऱ्याने दोन बोटांनी नळी भिंतीजवळच्या वाळूच्या पोत्यांकडे वळवली, मगच “या, बसा” म्हटलं. चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाची रीत होती ती. आधी नळी, मग पाहुणा.

“आत काडतूस अडकलंय, बाबा. जिवंत आहे. साफ करताना अडकलं.”

“साफ करताना काडतूस बाहेर असतं, जावईबापू.”

जावयाने चादर सोडवून बाजूला ठेवली. न कळवता, दोन तास गाडी हाकत, एकटाच आला होता तो. दर रविवारी न चुकता येणारा लेकीचा फोन या रविवारी आला नव्हता. म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली.

“चिमी कशी आहे?”

“बरी आहे.”

“आणायचंत की तिला.”

“झोपली होती.”

पाखरांच्या आधी उठणारी चिमी म्हणे झोपली होती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

म्हाताऱ्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा रायफलीचा सरकता भाग, मागे ओढला. तो रिकामाच आला. काडतूस धरून आणणारं त्याचं नख झिजलं होतं आणि काडतूस नळीच्या बुडात गच्च बसलं होतं. बोल्ट पुरता काढून त्याने लांब खिडकीत नेऊन ठेवला. गोळीवर आपटणारी सुई त्या बोल्टात असते, ती गेली की अर्धी भीती जाते. उरलेल्या अर्ध्या भीतीसाठी ठोकाठोकी करायची नाही, पुढून सळई खुपसायची नाही. त्याने कडेने तेलाचे चार थेंब सोडले आणि तेल मुरायची वाट बघत स्टुलावर बसला.

हे सगळं चिमीला त्याने नवव्या वर्षीच शिकवलं होतं. आईविना वाढलेली पोर याच टेबलाखाली खेळली होती. स्वतःची वेणी घालता यायच्या आधी तिला बंदूक धरता आली. चाप ओढला आणि गोळी उडाली नाही, तर नळी आहे तिथंच रोखून धरायची आणि तीसपर्यंत मोजायचं, कारण एखादी गोळी उशिराही उडते. हे तर तिला पाढ्यांसारखं पाठ होतं.

बसल्या बसल्या त्याने लेकीचा नंबर लावला. फोन वाजला तो जावयाच्या खिशात.

“तिचा फोन तुमच्याकडे कसा?”

“घाईत उचलला गेला.” जावयाने तो बंद केला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर तर चांगला गारठा होता.

जावई म्हणजे दशमग्रह, असं लग्नात कुणीतरी म्हणालं तेव्हा म्हातारा खो खो हसला होता. आज त्याला ते हसू आठवून स्वतःचाच राग आला. पोरीला आपण कुणाच्या घरात पाठवलं?

तेल मुरलं. बारीक आकडीने त्याने काडतूस मागून हलकेच ओढलं. ते कुरकुरत सुटलं आणि त्याच्या तळहातावर आलं. सवयीने त्याने बूड उजेडाकडे धरलं. बुडाच्या मधोमध असते तांब्याची टिकली. तिच्यावर सुई आपटली की गोळी उडते. या टिकलीवर एक खोल खळी होती आणि तिला चाटून दुसरी.

चाप दोनदा ओढला होता. गोळी जुनी, सर्दावलेली, म्हणून उडाली नव्हती, एवढंच. एकदा चुकून होतं माणसाच्या हातून. दोनदा चुकून होत नाही.

त्याने काडतूस खणात ठेवून कुलूप लावलं आणि दारात जाऊन उभा राहिला. आता जावयाला बाहेर जायचं तर त्याच्या अंगावरून जावं लागलं असतं.

“माझी पोर जिवंत आहे का?”

जावयाने मान वर केली. “आहे, बाबा. देवाशपथ आहे. शेजारच्या काकू बसल्यात तिच्यापाशी.”

“मग फोन का आणलात?”

“तुमचा आवाज ऐकला असता तर तिनं सगळं सांगून टाकलं असतं.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग चादरीकडे, मग खिडकीतल्या बोल्टकडे. चाप दुसऱ्यांदा ओढायचा तर बोल्टचा दांडा वर उचलून पुन्हा खाली आणावा लागतो. ज्याला बंदूक टेबलावर धड ठेवता येत नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार? दाराची चौकट त्याने घट्ट धरली.

“काय केलं होतंत तिला?” आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“ते तिलाच विचारा. मी सांगितलं तर कमी करून सांगेन.”

टेबलाच्या कडेवरून तेलाचा एक थेंब खाली पडला.

“पहिल्यांदा उडाली नाही,” म्हातारा अखेर म्हणाला, “तेव्हा पळाला का नाहीत?”

“पळणार होतो. पण ती मोठ्यानं आकडे मोजायला लागली. मला वाटलं, राग गिळतेय.” जावयाने शर्टाच्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. “तीसपर्यंत मोजले, बाबा. नळी इथून जरासुद्धा हलली नाही.”