बाटलीचं झाकण

सदाशिव पेठेतल्या योगवर्गात आम्हा सगळ्याजणींचे सांधे एकाच गोळीने धरलेत, स्तनाचा कॅन्सर परतू नये म्हणून घ्यायची ती. श्वास घेत मूठ मिटायची, सोडत उघडायची. माझी मूठ अर्ध्यावर अडते. शेजारच्या सरोजिनीताईंची गेल्या महिन्यापासून पुरती मिटते. वर माझ्या बाटलीचं झाकणही त्याच उघडून देतात, हसत हसत. जळफळाट होतो माझा. आज मला राहवलं नाही. "काय हो, श्वास तर आम्हीही घेतो. तुमच्या चटईवर वेगळी हवा येते का?" झाकण फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "हवा तीच. माझी गोळी बंद केली डॉक्टरांनी. आजार लिव्हरमध्ये पसरलाय, आता तिचा उपयोग नाही. तुम्हाला किती वर्षं घ्यायचीय?" "अजून चार." "चार वर्षं!" म्हणत त्यांनी माझ्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं, मी रोज त्यांच्या मुठीकडे बघायचे, अगदी तसंच.