मी मागंच हाय

घाटाच्या माथ्यावर तहसिलीच्या चपराशाने दोघांच्या मनगटांना माथा गाठल्याची खूण म्हणून एकेक हिरवी चिंधी बांधली, तेव्हा बाकीचे पळणारे अजून खालच्या चढावर रेंगाळत होते. गाठ बसायच्या आतच चंद्रभानने हात हिसडला आणि तो जिंतूरच्या उताराला लागला. भुजंगने गाठ नीट बसू दिली. मग तोही निघाला आणि थोड्याच वेळात चंद्रभानच्या पाठीशी जाऊन पोचला. पुढे मात्र गेला नाही.

चढावरही त्याने हेच केलं होतं. चंद्रभानने पाय उचलले की हाही उचलायचा, त्याने सैल सोडले की हाही सोडायचा. मुरमाच्या सडकेवर अनवाणी पावलं मागे वाजत होती आणि त्या आवाजाने चंद्रभानची लय केव्हाच मोडली होती.

"भुजंगा, जा की म्होरं," वळून न बघता तो म्हणाला.

"पळा दादा. मी मागंच हाय."

मागच्या साली याच शर्यतीत चंद्रभानबरोबर भुजंगचा थोरला भाऊ लिंबाजी पळत होता. दोघं एका गावचे, जिवाचे मित्र, एकाच पांदीत पळून तयार झालेले. उतारावरच्या शेवटच्या वळणाला लिंबाजी पुढे निघाला आणि दरीकडच्या दगडांत जाऊन पडला. 'पाय घसरला त्याचा,' असं चंद्रभानने सगळ्यांना सांगितलं आणि इनामाचं चांदीचं कडं घेऊन तो घरी गेला. लिंबाजीचा गुडघा परत वाकला नाही. पाठीवर पडलेल्या हाताची गोष्ट त्याने एकट्या भुजंगला सांगितली. भुजंग त्याआधी कधी शर्यतीसाठी पळाला नव्हता. त्याच आठवड्यात त्याने पळायला सुरुवात केली.

तेच वळण जवळ आलं. सडकेच्या कडेला कठडा नव्हता. खाली काळे दगड आणि बाभळी. चंद्रभान डोंगराच्या अंगाला सरकला, इतका की त्याचा खांदा दरडीला घासून सोलवटला. पावलं मागे वाजतच होती. अखेर तो एकदम थांबला, वळला आणि दरडीला पाठ टेकून उभा राहिला.

भुजंगही थांबला. हाताच्या अंतरावर.

"कामून असं करायलास?" चंद्रभानला धड श्वास घेता येत नव्हता. "काय करायचं ते करून टाक एकदा."

भुजंगने मनगटावरची चिंधी नीट केली.

"हात लागला माझा. पाठीला लागला त्याच्या. मी... मी सांगतो समद्यांना. आत्ता खाली जाऊन सांगतो."

वर्षभर भुजंग मनाने या जागेवर रोज पोचत होता. नांगरामागे चालताना, जेवायला बसल्यावर, डोळा लागता लागता. एक धक्का, बस. त्याचे तळहात आताही शिवशिवत होते. पण समोरचा पांढराफटक चेहरा तो बघत राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं, की ढकललं की ही भीतीही संपली. त्याला आतून गोड गोड वाटायला लागलं. इतकं गोड त्याला वर्षभरात काही लागलं नव्हतं.

"कुणाला काय सांगू नका," तो म्हणाला. "पळा. मागचे यायलेत."

वरच्या अंगाला माणसांचा गलका ऐकू आला. चंद्रभान पळाला.

मोंढ्यापुढे, धान्यबाजाराच्या तोंडाशी, कमान उभारली होती, ताशा वाजत होता. चंद्रभान कमानीखालून पहिला गेला आणि गेल्यावरही थांबेना. दोघांनी त्याला धरून उभं केलं. त्याच्या सावलीवर पाय देतच भुजंग आत आला. तालुकदार साहेबांनी चंद्रभानच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, हातात कडं दिलं आणि खूश होऊन म्हणाले, "वा! दोनों ऐसे भागे, जैसे एकीच आदमी है!"

लोक हसले. चंद्रभान हसायला गेला आणि हार घातलेलाच खाली वाकून ओकला.

लिंबाजी लिंबाखाली पाय लांब करून बसला होता. भुजंग त्याच्याजवळ गेला.

"तुझा दम तर शाबूत हाय," लिंबाजी म्हणाला. "मंग म्होरं का न्हाई गेलास?"

"न्हाई गेलो."

लिंबाजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग नजर काढून घेतली.

गावाकडे परतायला गाडी एकच होती. लिंबाजीला गावच्या दोघा माणसांनी उचलून पुढे बसवलं. चंद्रभान मागच्या बाजूला चढत होता, तेवढ्यात भुजंग जवळ आला. चंद्रभानने गाडीचा दांडा घट्ट धरला.

"झालं ना आता?" तो हळू आवाजात म्हणाला. "फिटलं ना सगळं?"

"गावाला जायची वाट एकच हाय दादा आपली," भुजंग म्हणाला. "अन् पुढल्या साली शर्यत हायच की."

गाडी हलली. "ये की भुजंगा," लिंबाजीने पुढून हाक मारली. "जागा हाय."

"तुमी चला भाऊ. मी येतो."

जिंतूर मागे पडलं. चंद्रभान तोंड मागे करून बसला होता. गळ्यातला हार काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. बैल आपल्या चालीनं चालले होते आणि तेवढ्याच चालीनं, अजिबात घाई न करता, भुजंग गाडीमागे पळत होता.